ऑपरेशनला गाव, गोळीला कोणी नाही

लासूर स्टेशनच्या पंचक्रोशीत दूध रोज दोनदा मोजलं जातं. डेअरीवर कॅन पोचला की नमुना काढायचा, मशीनला लावायचा, फॅट किती आणि एसएनएफ किती ते पावतीवर छापून घ्यायचं. साडेतीनच्या जागी तीन पॉइंट दोन लागली तर घरात चौकशी बसते. पेंड बदलली का, गाय माजावर आहे का, पाणी कुणी घातलं? दशांशाचा हा हिशेब शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हातारीलाही पाठ असतो, कारण त्यात पैसा आहे. त्या गायीचं दूध काढणाऱ्या बाईच्या रक्ताचाही कधीकधी असाच एक आकडा असतो. आयएनआर म्हणतात त्याला. हृदयाची लय बिघडल्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल, तर हा आकडा साधारण दोन ते तीनच्या मध्ये राहिला पाहिजे. खाली घसरला तर हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, फार वर चढला तर रक्तस्रावाची भीती. हा आकडा शेवटचा कधी तपासला असं विचारा. घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, "दिवाळीच्या आधी केला होता वाटतं."

दुर्गम पाड्याची ही गोष्ट असती तर रस्ता नाही, गाडी नाही म्हणून सोडून देता आली असती. लासूर स्टेशन म्हणजे काही पाडा नव्हे. निजामाच्या काळापासून इथे रेल्वे आहे. कांदा, कापूस, मका आणि जनावरांचा बाजार यांवर उभं राहिलेलं हे गंगापूर तालुक्यातलं नावाजलेलं ठिकाण. छत्रपती संभाजीनगर चाळीसेक किलोमीटरवर, तिथे 1956 पासूनचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. समृद्धी महामार्गही याच भागातून गेला. तेव्हा अंतराची सबब इथे चालायची नाही. जे घडतं ते घरात आणि दवाखान्याच्या बाकावर घडतं, आणि ते आपण घडवतो.

आजार काय ते आधी सांगतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला चिकटलेली एक छोटी पिशवी असते. तिथे रक्त साचतं, साचलेल्या रक्ताची गुठळी बनते आणि एखाद्या दिवशी ती सुटून मेंदूच्या शिरेत अडकते. लय बिघडलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या पाचपट असतो. संधिवाती तापाने झडप आकसली असेल आणि वर लयही बिघडली असेल, तर सतरापट. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांची वर्षानुवर्षं पाहणी करून हे आकडे निघाले. वॉरफरिनसारखी गोळी नीट घेतली तर पक्षाघात जवळजवळ दोनतृतीयांशाने टळतात. औषधशास्त्रात इतका सरळ सौदा फार थोड्या ठिकाणी मिळतो.

तो आपण नासवतो, आणि नासवण्याची सुरुवात मुलीच्या लहानपणापासून होते. संधिवाती ताप हा दाटीवाटीच्या, गरिबीच्या घरातला आजार. पाच ते पंधरा वर्षांच्या पोराचा घसा सुजतो, बरा होतो, दोनतीन आठवड्यांनी सांधे सुजतात, तेही बरे होतात. आतल्या आत हृदयाची झडप मात्र खराब व्हायला लागलेली असते. पुढचा घाव चुकवायचा तर दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. पोरगा असेल तर बाप त्याला मोटरसायकलवर बसवून नेतो. पोरगी असेल तर वयात येईपर्यंत नेतो. नंतर चारचौघांना दिसेल, सोयरीक मोडेल, म्हणून बंद. झडप आजारी आहे हे लपवून लग्न लावलं जातं. लपवणारे आईबाप मोठे हुशार समजले जातात आणि पुढे कळल्यावर सासर स्वतःला फसवलेलं समजतं. मुलीच्या जिवाचा विचार या सौद्यात दोन्हीकडच्या एकाही शहाण्याला शिवत नाही.

नव्या घरात ती गोळीची पाकिटं पेटीच्या तळाशी ठेवते. मूल हवं म्हणून घाई सुरू होते. या गोळ्या गरोदरपणात, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, पोटातल्या बाळाला अपाय करू शकतात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीपासून बेत आखून औषध बदलावं लागतं. पण जिने आजारच सांगितलेला नाही ती सल्ला कोणत्या तोंडाने विचारणार? ती गुपचूप गोळी बंद करते. कृत्रिम झडप बसवलेली असेल तर त्या झडपेतच गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. मग गाव हळहळतं, आणि वर्षश्राद्धाच्या आत जावयाचं दुसरं लग्न ठरतं.

पाळीचं तर कुणी नावच काढत नाही. रक्त पातळ असलं की पाळीत जास्त जातं, दिवस वाढतात, अंगातलं रक्त कमी होतं. हे ना नवऱ्याला सांगायचं, ना सासूला. दाराशी रांग लागलेल्या डॉक्टरालाही नाही, कारण त्याने विचारलेलंच नसतं. बाई आपल्या अकलेने उपाय काढते: ते चारपाच दिवस गोळी बंद. दर महिन्याला चारपाच दिवस तिचा मेंदू उघड्यावर पडलेला असतो आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. यावर औषधं आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे मार्ग आहेत. पण विटाळाच्या गोष्टी बोलायच्या नाहीत असं शिकवलेल्या समाजात बाईने तोंड उघडण्याआधी तिचं तोंड बंद केलेलं असतं.

उलट ऑपरेशनचा थाट पाहा. झडपेचं ऑपरेशन ठरलं की भावकी जमते. वर्गणी होते. कुणी आमदाराच्या माणसाला फोन लावतो, कुणी योजनेची कागदं करून देतो, दोन पोरं रक्त द्यायला जातात. बाई घरी आली की नारळ फुटतो आणि सगळे ठरवून टाकतात की आता ती ठणठणीत झाली. ठणठणीत! धातूची झडप बसवली असेल तर गोळी मरेपर्यंत आहे आणि आकडा बहुधा आणखी थोडा वर ठेवावा लागतो. फुग्याने झडप रुंद केली तरी लय बिघडलेली असेल तर गोळी सुटत नाही. हे डॉक्टरांनी डिस्चार्जच्या वेळी सांगितलेलं असतं, कार्डावर लिहिलेलं असतं. ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या घडीत, ट्रंकेत जातं. एक दिवस अख्खी, एक दिवस अर्धी असा डोस असतो. अर्धी करायला पोराच्या पेन्सिलीचं ब्लेड. कोणत्या वारी अख्खी आणि कोणत्या वारी अर्धी हे लिहायला कालनिर्णयच्या पानामागे जागा नसते, तिथे दुधाचा हिशेब आणि गॅसची टाकी लावल्याची तारीख असते. चुकून दोन दिवस अर्धी गेली तर कोण धरणार? ऑपरेशनला जमलेल्या गावातला एकजण तरी त्या पानावर वार लिहून द्यायला पुढे आला आहे का?

जेवणाचंही तसंच. या गोळीचं आणि व्हिटॅमिन के-चं वैर आहे, आणि ते व्हिटॅमिन पालेभाज्यांत भरपूर. थंडीत आपल्याकडे मेथी, पालक, शेपू, हरभऱ्याची कोवळी पानं यांची चंगळ असते. आकडा खाली येतो. नवरात्र आलं की लासूरच्या दाक्षायणी देवीला नऊ दिवस अनवाणी, पोटात भगर आणि साबुदाणा. आकडा वर चढतो. उपासाला गोळी चालते का, हा प्रश्न देवळात विचारला जातो, दवाखान्यात नाही. भाज्या सोडायची गरज नाही. रोज साधारण सारख्या खाव्यात आणि ऋतू बदलला, उपास आला की तपासणी करावी, इतकंच. मात्र बाईने आपल्या ताटाचा विचार केला की लगेच, "हिचं एक निराळंच." सगळ्यांचं ताट झाल्यावर तव्यावर उरेल ते जिने खायचं, तिला सारखं खा म्हणून सांगायचं तरी कसं?

वैद्यकीच्या नावाने चाललेल्या गोष्टींबद्दलही बोललं पाहिजे. सांधे दुखले की दंडात किंवा कमरेत सुई टोचून घेतल्याशिवाय आपल्याला बरं वाटत नाही, आणि सुई न देणारा डॉक्टर चालत नाही. रक्त पातळ असलेल्या माणसाला स्नायूत सुई दिली तर आत रक्त साकळून मांडी भोपळ्याएवढी होऊ शकते. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं पोटात रक्तस्राव घडवतात. जुलाबावरचं मेट्रोनिडाझोल, गजकर्णावरचं फ्लुकोनाझोल हीसुद्धा वॉरफरिनचा जोर वाढवतात. मेडिकलवाला काउंटरवरून हे सगळं न विचारता देतो आणि आपणही रुपये मोजून चार गोळ्या घेतो. गोळी चालू आहे हे आपण सांगत नाही, तो विचारत नाही. वरून पुडीबंद काढे आणि भस्मं आहेतच, ज्यांत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

म्हाताऱ्यांवरचा अन्याय निराळा आहे. तिथे झडप चांगली असते, वयाने आणि रक्तदाबाने लय बिघडलेली असते. काळीज फडफडतं, दम लागतो. मुलगा म्हणतो, वय झालं आता. नाडीपरीक्षेचा अभिमान मिरवणाऱ्या या देशात मनगट धरून एक मिनिट ठोके मोजायला कुणी नसतं. ठोके ताल सोडून, वेडेवाकडे पडत असतील तर ईसीजी काढायला हवा, एवढंच शिकायचं असतं. आशाताई तिशीपुढच्या लोकांची रक्तदाब, साखर आणि तीन प्रकारच्या कर्करोगांसाठी विचारपूस करते. मनगट मात्र तिच्या फॉर्मात नाही. आणि आजार सापडला तरी पुष्कळदा हाती पडते अॅस्पिरिन. तीही रक्त पातळ करते म्हणे. इंग्लंडात पंच्याहत्तरीपुढच्या 973 जणांवर झालेला अभ्यास 2007 मध्ये छापून आला. वॉरफरिनने पक्षाघात अॅस्पिरिनच्या मानाने निम्म्यावर आले आणि मोठ्या रक्तस्रावात फारसा फरक पडला नाही. म्हणजे अॅस्पिरिन देऊन आपण म्हाताऱ्याला जपत नाही, फक्त स्वतःचं समाधान करून घेतो. "पडली-बिडली तर?" हा दुसरा बहाणा. कॅनडातल्या डॉक्टरांनी 1999 मध्ये त्याचंही गणित मांडलं. पडण्याच्या भीतीने गोळी नाकारणं शहाणपणाचं ठरायला म्हातारं माणूस वर्षाला 295 वेळा पडायला हवं.

"ते तर उंदीर मारायचं औषध," असा निरोप मोबाइलवरून फिरत असतो. निरोप अर्धा खरा आहे आणि उरलेलं अर्धं फिरवणाऱ्याला ठाऊक नसतं. 1920 च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. शिंग कापलं तरी रक्त थांबेना. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून, मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन विद्यापीठात पोचला. प्राध्यापक कार्ल लिंक आणि त्यांचे विद्यार्थी त्या रक्तामागे लागले. विषाचा रेणू सापडायला सहा वर्षं गेली. त्यातून पुढे वॉरफरिन निघालं. 1948 मध्ये ते उंदरांसाठी आलं, 1954 मध्ये माणसांसाठी, आणि 1955 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनाही तेच दिलं गेलं. कालवड का मेली हे विचारायला तो माणूस वादळातून निघाला होता. आपल्याकडे बाई का पडली हे विचारायला कुणी घराबाहेर पडत नाही.

कारण ती पडली की आपल्याकडे उत्तर तयार असतं: अंगावरून वारं गेलं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, वाचा गेली, की आधी बाहेरचं बघायचं. कुठे अंगारा, कुठे पारव्याचं रक्त चोळणं, कुठे लकव्याची हमखास जडीबुटी देणारा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि पातळ रक्ताची गोळी चालू असलेल्या माणसाला ते द्यायचं की नाही हे तर आकडा पाहूनच ठरतं. लासूरहून शहर तासाभराचं. तास उरतात, ते आपण ओसरीवर चर्चा करण्यात घालवतो आणि तिसऱ्या दिवशी गाडी करतो. बैल गेला अन् झोपा केला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून गंडेदोरे करणं त्यात गुन्हा ठरवलं आहे. पक्षाघाताचा त्यात उल्लेख नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने 86 गावांतल्या मृत्यूंची नोंद ठेवली, तेव्हा सगळ्यांत जास्त बळी पक्षाघाताचे निघाले, सात मृत्यूंमागे एक. त्यातले बहुतेक घरीच मेले. सापाची भीती आपल्या रक्तात आहे. पक्षाघात मात्र आपण देवाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

ज्यांच्या नावाच्या योजनेतून ही झडपेची ऑपरेशनं होतात, त्या महात्मा जोतीराव फुल्यांना 1888 मध्ये पक्षाघात झाला होता. उजवा हात गेला. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी मित्रासाठी शिकस्त केली. जोतीरावांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' डाव्या हाताने लिहून पुरं केलं आणि 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते गेले. त्या काळी ईसीजी नव्हता, ही गोळी नव्हती, मेंदूच्या आत डोकावण्याची सोय नव्हती. घोल्यांच्या हाती काही नव्हतं म्हणून त्यांना दोष देता येत नाही. आज सगळं आहे. फुल्यांचं नाव कार्डावर छापणाऱ्या सरकारने ऑपरेशनचे पैसे भरले, काही काळाच्या पाठपुराव्याचेही भरले, ते चांगलंच केलं. पण पाठपुराव्याची मुदत संपते, गोळी संपत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, तरी दर महिन्याला रक्त घेऊन, आकडा पाहून, 'आता अख्खीऐवजी पाऊण घे' असं सांगणारं माणूस बाईच्या जवळपास असेल याची हमी कुणी दिलेली नाही. ऑपरेशनचा फोटो छापून येतो. आकडा सांभाळणाऱ्याचा कुणी फोटो काढत नाही, म्हणून त्या कामाला वाली नाही.

नव्या गोळ्या आल्या आहेत, ज्यांना ही तपासणी लागत नाही. डॅबिगॅट्रान 2022 च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आलं. रिव्हारोक्साबान आणि एपिक्साबान यांची पेटंटं संपून स्वस्त ब्रँड निघाले. झडप चांगली असलेल्या म्हाताऱ्यांसाठी त्या उत्तम, मूत्रपिंडं तपासून दिल्या तर. मात्र एक दिवस चुकली की त्यांचं संरक्षण गेलं, आणि तपासणी नाही म्हणून चूक उघडही पडत नाही. संधिवाती झडपेच्या बाईला तर त्या चालत नाहीत. 24 देशांतल्या सुमारे साडेचार हजार अशा रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल 2022 मध्ये आला. त्यांत जवळजवळ तीनचतुर्थांश बायका होत्या, सरासरी वय पन्नास. जुन्या गोळीवरच्या रुग्णांत मृत्यू कमी झाले. श्रीमंत देशांनी सोडत आणलेली, तपासणीची कटकट असलेली ही गोळी गरिबाघरच्या बाईला अजून लागणार आहे, आणि तिच्याबरोबर कटकटही लागणार आहे. ती कुणी उचलायची, एवढाच प्रश्न शिल्लक आहे. आजवर ती एकट्या बाईने उचलली.

आकडा बोटाच्या टोकावरच्या थेंबातून दोन मिनिटांत दाखवणारं यंत्र तळहातावर मावतं. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिला स्वतः खर्च करायचा निधी असतो, आणि तिच्यावर गावातलीच माणसं बसतात. लासूर स्टेशनच्या आणि आसपासच्या वाचकांनी येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत उभं राहून तीन गोष्टी विचाराव्यात: आपल्या गावात पातळ रक्ताची गोळी कुणाकुणाला चालू आहे याची यादी आशाताईकडे आहे का, हे यंत्र आणि त्याच्या पट्ट्या कधी येणार, आणि आकडा पाहून डोस सांगणाऱ्या डॉक्टरचा फोन नंबर कोणता. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये. आणि त्या दिवशी घरून निघण्याआधी आपल्या आईचं मनगट धरून एक मिनिट ठोके मोजावेत.